चाळीस वर्षं कसतोय, मग जमीन आमची का नाही?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं हे पत्र, थोडक्यात. भावकीतले एक काका मुंबईला गिरणीत होते. त्यांची ३२ गुंठे जमीन १९८४ पासून या वाचकाचे वडील कसत आले. 'पडीक राहण्यापेक्षा तू बघ,' एवढंच तोंडी बोलणं झालं होतं. १९९१ मध्ये तिथेच दोन खोल्या बांधल्या. त्याआधी काकांनी अंतर्देशीय पत्रातून 'घर बांधा, तुमचीही सोय होईल' असं कळवलं होतं आणि ते पत्र अजून घरात आहे. घरपट्टी आणि लाइटबिल वडिलांच्या नावावर येतं. काका होते तोवर दर दिवाळीला त्यांच्याकडे तांदळाचं पोतं जात असे. काका २००९ मध्ये गेले, वडील २०१६ मध्ये. सातबारावर आता काकांची दोन मुलं आणि एक मुलगी. २०१९ मध्ये मोटारीच्या वीजजोडणीसाठी या वाचकाने थोरल्या मुलाचं संमतिपत्र घेतलं होतं. आता वारसांनी गिऱ्हाईक बघितलंय आणि मोजणीचा अर्ज केलाय. शेजारच्या एक एकराचे मालक म्हणून या वाचकालाही मोजणीची नोटीस आली. गावातले एक जाणकार म्हणतात, 'बारा वर्षं झाली की जमीन कसणाऱ्याची, दावा ठोक.' दुसरे म्हणतात, जुन्या तारखेचा नोटरी कागद करून घे.

पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट, जरा दबकत लिहिलेली. स्वतःच्या एकरालगतचा बांध फोडून वडिलांनी १९९८ मध्ये पूर्वेच्या शेजाऱ्याची सुमारे ३ गुंठे जागा आत घेतली. तेव्हा शेजाऱ्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता, पुढे काही केलं नाही. तिथे आज नारळ उभे आहेत. 'ही चूक कोर्टात निघाली तर ३२ गुंठ्यांचा दावाही बुडेल का?' असं ते विचारतात.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात दोन जमिनी आहेत. ३२ गुंठे आपलेच आहेत असं तुम्ही धरून चालला आहात, आणि ३ गुंठ्यांबद्दल तुम्हाला धास्ती वाटते आहे. कायद्याच्या नजरेतून चित्र जवळपास उलटं दिसतं. ते तसं का, हे आधी नीट समजून घ्या. मग काय करायचं ते बोलू.

'बारा वर्षं'वाली गोष्ट येते १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातून. अनुच्छेद ६५ म्हणतो, मालकाने मालकी हक्काच्या आधारे ताबा परत मागण्याचा दावा १२ वर्षांच्या आत लावला पाहिजे. कलम २७ म्हणतं, ती मुदत संपली की त्याचा हक्कच विझतो. पण ही १२ वर्षं तुम्ही जमिनीत पाय ठेवल्यापासून मोजत नाहीत. तुमचा ताबा मालकाच्या विरोधात गेला, त्या दिवसापासून मोजतात. वकील ज्याला अ‍ॅडव्हर्स पझेशन किंवा प्रतिकूल कब्जा म्हणतात, त्यात सगळा भार 'प्रतिकूल' या शब्दावर आहे. जबरदस्ती नको, चोरून नको आणि मालकाच्या परवानगीने तर नकोच.

म्हणजे ताबा किती वर्षांचा, याच्या आधी तो कसा सुरू झाला हे बघतात. तुमच्या वडिलांचा ३२ गुंठ्यांवरचा ताबा काकांच्या शब्दावर सुरू झाला. परवानगीने आलेला माणूस चाळीस वर्षं राहिला तरी त्याचा ताबा मालकाच्या वतीनेच धरतात. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे फार स्पष्ट सांगितलं: राखणदार, नोकर किंवा आपुलकीने फुकट राहू दिलेला नातेवाईक कितीही वर्षं राहिला, तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही.

तुमच्या जाणकारांचा पुढचा युक्तिवाद मला दिसतो आहे, कारण तो सगळीकडे केला जातो. काका २००९ ला गेले, परवानगी त्यांच्याबरोबर संपली, तिथून १२ वर्षं २०२१ ला भरली. ऐकायला बिनतोड वाटतं. पण परवानगी संपणं आणि ताबा विरोधी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं पुढे राहत जाणं म्हणजे विरोध नव्हे. 'ही जमीन आता माझी, तुमचा संबंध नाही,' हे मालकाला कळेल असं उघडपणे सांगावं किंवा वागून दाखवावं लागतं. तुम्ही तर २०१९ मध्ये थोरल्या मुलाची संमती घेतली. ज्याच्याकडून संमती घेतली त्याला मालक मानलं, असाच त्याचा अर्थ होतो, आणि वीज कंपनीच्या फायलीत तो कागद असणार. आज तुम्ही वारसांना 'जमीन माझी' म्हणालात, तर तुमचं घड्याळ आजपासून सुरू होईल. त्यांच्या हातात दावा लावायला पुढची १२ वर्षं असतील. ते तर मोजणीपर्यंत आधीच पोचले आहेत.

जाणकारांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. पूर्वी प्रतिकूल कब्जा फक्त बचावात सांगता येई, स्वतः वादी होऊन नाही, असं मानलं जायचं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. कब्जेदार स्वतःही दावा लावू शकतो. म्हणून 'दावा ठोक' हे कायद्यात बसतं. फक्त दावा दाखल होणं आणि टिकणं यात बरंच अंतर आहे.

असे दावे बहुतेक कुठे पडतात ते सांगतो. कोर्ट पाच गोष्टी विचारतं: ताबा कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या नात्याने घेतला, मालकाला ते माहीत होतं का, किती काळ चालला आणि उघड व अखंड होता का. २००४ च्या एका निकालात या पाच गोष्टी मांडताना न्यायालयाने हेही म्हटलं, की असा दावा करणाऱ्याला सहानुभूतीचा आधार नाही. तो दुसऱ्याचा हक्क हिरावून घेऊ पाहतो, तेव्हा प्रत्येक गोष्ट त्यानेच मांडावी आणि सिद्ध करावी. बहुतेक दाव्यांत पहिल्याच प्रश्नाला 'अंदाजे चाळीस वर्षांपासून' असं उत्तर असतं. तारीख नाही, कृती नाही. दुसरी चूक म्हणजे दोन होड्यांत पाय. 'आम्ही तोंडी विकत घेतली' आणि 'आमचा प्रतिकूल कब्जा आहे' ही दोन्ही वाक्यं एकाच दाव्यात आली की एकमेकांना कापतात. पहिल्यात तुम्ही मालक असता, दुसऱ्यात मालक कोणी दुसरा आहे हे कबूल करावंच लागतं. दावा फसला तर ती कबुली मात्र कोर्टाच्या कागदावर राहते.

तिसरी चूक कागदांची. लाइटबिलावरून तुम्ही तिथे राहता एवढंच ठरतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो, तो मालकीचा कागद नाही. सातबारासुद्धा अंतिम मालकीचा पुरावा नाही. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, एवढंच. जुने उतारे काढून पीकपाहणीचा रकाना वाचा. तिथे वर्षानुवर्षं काकांच्या नावाने 'खुद्द' (म्हणजे मालक स्वतः कसतो) लागलं असेल, तर तो कागदही तुमच्या विरोधात बोलेल. आणि तलाठी किंवा तहसीलदार प्रतिकूल कब्जावरून मालकी देऊ शकत नाहीत. ते काम दिवाणी न्यायालयाचं. फेरफार करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो न टिकणारी नोंद विकतो आहे.

जुन्या तारखेच्या नोटरी कागदाबद्दल एवढंच: करू नका. मुद्रांक कधी आणि कोणाला विकला याची नोंद असते, नोटरीचं रजिस्टर असतं. बनावट दस्त हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो उघडा पडला की तुमच्या खऱ्या कागदांवरही कोर्टाचा विश्वास उरत नाही.

खरे कागद तुमच्याकडे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोलाचा म्हणजे काकांचं ते अंतर्देशीय पत्र. ते पुढे आलं तर दावा बुडेल म्हणून तुम्ही ते लपवायच्या विचारात दिसता. मालकीचा दावा बुडेल, हे खरं. पण घरासाठी तेच पत्र आधार आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० म्हणतं, परवानगीच्या भरवशावर कोणी खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी देणाऱ्याला मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. यातून मालकी मिळत नाही. घर आणि त्याखालच्या जागेपुरतं राहण्याचं संरक्षण मागता येतं, निदान बोलणी करताना पायाखाली जमीन राहते. बाकीच्या शेताला ते लागू नाही. आणि एक मेख आहे: त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जमीन विकली, तर परवानगी केवळ त्या कारणाने नव्या मालकावर बंधनकारक ठरत नाही. म्हणून तुमची खरी मुदत बारा वर्षांची नाही. गिऱ्हाइकाचं खरेदीखत होईपर्यंतची आहे. साठेखत (पुढे विकण्याचा करार) झालं असेल, तर आणखी कमी.

तांदळाच्या पोत्यावरून कोणी 'तुम्ही कूळ आहात' असंही सुचवेल. ते पोतं खंड होता की भावकीतली दिवाळी, हे तुम्हाला माहीत आहे. सातबारावर कुळाची नोंद नाही, पावत्या नाहीत, आणि कुळाचा प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तो कूळकायद्याखाली तहसीलदारांपुढे जातो. खंड नव्हताच, तर ही वाट धरू नका.

आता मोजणी. त्या दिवशी हजर राहा. अडवू नका, कारण अडवून मोजणी फार तर पुढे जाते आणि तुमच्यावर तक्रार होते. भूकरमापकाला घर, बोअर, झाडं, पाइपलाइन दाखवा. नकाशावर अभिलेखाप्रमाणेची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात, तेव्हा तुमची वहिवाट त्यात येईल हे पाहा. जबाबावर न वाचता सही करू नका. हरकत असेल ती लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीची नक्कल मागा. उद्या वाटाघाट झाली तर तीच कामाला येईल.

वारसांनी किंवा गिऱ्हाइकाने माणसं आणून बळजबरीने काढायचा प्रयत्न केला, तर? मालकी नसली तरी बराच काळ स्थिर ताबा असलेल्या माणसाला मालकानेही कायद्याच्या मार्गानेच काढावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे. राखणदाराला याचा फायदा मिळेलच असं नाही, गोव्याचा निकाल आडवा येतो. तरी हुसकावलं गेलात, तर सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली दिवाणी दावा किंवा शेतजमिनीसाठी मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज, दोन्हींना सहाच महिने आहेत.

माझ्या मते तुम्ही वारसांशी आत्ता बोलावं. 'कोणत्या तोंडाने?' असं तुम्ही लिहिलंय. चाळीस वर्षं जमीन पडीक पडली नाही, अतिक्रमण झालं नाही, बोअर मारलं, बांध राखले, हे सांगत जा. ते खरं आहे. हक्क म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगा. बोअर, पाइपलाइन, सपाटीकरण, घर यांचा खर्च मिळतील त्या पावत्यांसह एका कागदावर लिहा. मग मागणी ठेवा: घर आणि भोवतालची जागा आम्हाला विका, खर्च किमतीतून वळता करा, बाकीचं शेत उभं पीक निघाल्यावर आम्ही रिकामं करून देतो. बोलणी सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातल्या दरापासून सुरू करता येतात. तुमच्या नावावर एकर शेती आहे, म्हणजे तुम्ही शेतकरी आहात. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते असं सांगणाऱ्या कूळकायद्याच्या कलम ६३ ची अडचण येणार नाही. तुकडेबंदी मात्र येऊ शकते. चार-पाच गुंठ्यांचा तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान पडतो, म्हणून बयाणा देण्याआधी दुय्यम निबंधक आणि तहसील कार्यालयात विचारून घ्या. वेगळा तुकडा होत नसेल, तर तो तुमच्या लगतच्या एकराला जोडून घेता येईल का, हा पहिला प्रश्न विचारा.

सही तिन्ही वारसांची हवी, बहिणीचीही. काकूंचं नाव वारसनोंदीत राहिलं आहे का तेही बघा. थोरल्या मुलाने एकट्याने दिलेला शब्द त्याच्या वाट्यापुरता. आणि जे ठरेल त्याचं नोंदणीकृत खरेदीखतच करा. साध्या बाँडवरची समजूत किंवा कुलमुखत्यारपत्र यांतून मालकी येत नाही.

समोरासमोर बोलणं जमत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो. तिथे तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो. दावा चालवून पंधरा वर्षांनी जे मिळण्याची शक्यता कमी, त्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

आता ते ३ गुंठे. इथे परवानगी नव्हती. वडिलांना बांधापलीकडची जागा शेजाऱ्याची आहे हे माहीत होतं, त्यांनी ती उघडपणे घेतली, शेजाऱ्याला कळलं, त्याने लेखी हरकत घेतली आणि पुढे दावा केला नाही. ज्या अर्जाची तुम्हाला भीती वाटते, तोच ताब्याची तारीख आणि मालकाला माहिती असल्याचा पुरावा आहे. नुसत्या अर्जाने किंवा नोटिशीने मुदत थांबत नाही, ती दाव्यानेच थांबते. १९९८ मध्ये १२ मिळवले की २०१० येतं. कोर्टात बचाव म्हणून हे उभं राहू शकतं. ३२ गुंठ्यांशी त्याचा संबंध नाही, दोन्ही एकाच दाव्यात मिसळू नका.

तरी आधी काही गोष्टी तपासा. वडिलांनी ग्रामपंचायतीपुढे 'बांध पूर्ववत करतो' असं लिहून दिलं होतं का? दिलं असेल तर ती परवानगीची किंवा कबुलीची सुरुवात ठरते. शेजारच्या जमिनीचा मालक तेव्हा अज्ञान (अल्पवयीन) होता का? असेल तर त्याची मुदत लांबते. ती जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), इनामाची किंवा आदिवासी खातेदाराची आहे का? आदिवासी जमिनीवर बिगरआदिवासी माणसाला असा हक्क मिळत नाही. मधली पट्टी पाणंद किंवा ओढा निघाली, तर ती सरकारी. तिथे मुदत ३० वर्षांची आणि सार्वजनिक वापराच्या जागेवर न्यायालयं असा हक्क मान्य करायला राजी नसतात. गायरानावर घरं बांधून बसलेल्या वाचकांनीही हेच ध्यानात घ्यावं. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वाटेला फारसं भवितव्य राहिलेलं नाही.

कायदा बाजूने झुकतो म्हणून शेजाऱ्याला ते तोंडावर फेकायची गरज नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल कब्जाच्या कायद्यालाच तर्कहीन म्हटलं होतं. २०२३ मध्ये विधी आयोगाने तो आहे तसा ठेवावा असं सुचवलं. म्हणजे तो आहे, पण न्यायाधीश तो हौसेने लावत नाहीत. तीन गुंठ्यांची किंमत देऊन मिटत असेल, तर मिटवा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाटाचं पाणी घ्यायचं आहे.

असंच काहीसं लिहिणाऱ्या इतर दोघा-तिघांसाठी थोडं. पैसे देऊन साध्या कागदावर खरेदी केली, नोंदणी राहिली आणि तेव्हापासून ताबा आहे, अशांची स्थिती तुमच्यापेक्षा वेगळी आहे. तो ताबा पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हक्काचा असतो. मुंबईत सरकारने १८६५ मध्ये महापालिकेच्या आधीच्या संस्थेला मंडईसाठी जागा दिली, पण रीतसर दस्त केला नाही. सत्तरहून अधिक वर्षांच्या अशा ताब्याला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मर्यादित का होईना, हक्क मानला. नुसतं साठेखत असेल तर मात्र हे चालत नाही, कारण साठेखतात मालक अजून विकणाराच असतो. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चा बचाव (करारानुसार ताबा दिलेल्याला विकणाऱ्याने काढू नये, हा) बघावा लागतो, आणि २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या साठेखताची नोंदणी असेल तरच तो मिळतो.

भावाभावांत एकच कसतो म्हणून बाकीच्यांचा वाटा बुडत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांचा धरतात. 'तुझा वाटा नाही' असं उघड सांगून बाहेर ठेवल्याचं सिद्ध करावं लागतं. बहिणींना 'इतकी वर्षं कुठे होता' म्हणणाऱ्या भावांनी हे वाचावं.

आणि गावी जमीन, स्वतः पुण्या-मुंबईत, अशा मालकांनी कसणाऱ्याशी संबंध चांगले असले तरी दरवर्षी एक साधा कागद करावा: अमुक गट, अमुक क्षेत्र, अमुक हंगामापुरती कसायला दिली. ई-पीकपाहणीत कोणाच्या नावाने काय पीक लागतं ते बघावं. कोणी 'जमीन माझी' म्हणू लागला, तर पत्रापत्री करत बसू नये. मुदत दाव्यानेच थांबते.

तुम्ही या आठवड्यात दोन कामं करा. १९८४ पासूनचे सातबारा आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा, आणि काकांच्या पत्राची नक्कल करून मूळ पत्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. मग दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला दोन्ही जमिनींच्या वेगवेगळ्या फायली दाखवा. थोरल्या मुलाला फोन मोजणीच्या आधी करा.